समुद्र रिकामा नसतो!

आमचा एक भाचा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अभ्यासात हुशार आहे आणि उरलेला सगळा वेळ संगणकापुढे युद्ध खेळण्यात घालवतो. बंदुका घेऊन धावाधाव करण्याचे हे युद्ध नव्हे. हे आरमाराचे युद्ध. गेल्या महिन्यात तो आमच्या घरी आला तो लॅपटॉप काखोटीला मारूनच. म्हणाला, "मामा, मी स्वतः एक सिनॅरिओ लिहिलाय. तुम्ही वकील माणूस, एकदा बघा, कायद्यात बसतो का?"

आम्ही चष्मा लावला आणि पाहू लागलो. पडद्यावर अरबी समुद्राचा नकाशा होता. निळी चिन्हे आपली, लाल चिन्हे शत्रूची, आणि मध्ये शेकडो मैल मोकळे पाणी. त्या पाण्यात चारदोन हिरवे ठिपके तेवढे दिसत होते.

"हे हिरवे काय रे?"

"मासेमारी बोटी. न्यूट्रल."

"अरबी समुद्रात एवढ्याच बोटी?"

भाचा हसला. "आधी दोनशे टाकल्या होत्या, मामा. पण गेम मंद चालायला लागला. म्हणून काढून टाकल्या. ज्या ठेवल्यात त्यातली एक बुडवली तर पाच गुण कापले जातात."

"आणि शत्रूची युद्धनौका बुडवली तर?"

"शंभर मिळतात."

आम्ही तोंडीच हिशेब केला. एक युद्धनौका बुडवताना एकोणीस होड्या बुडाल्या तरी खेळाडू पाच गुणांनी फायद्यातच! होडीवर पाच-सात माणसे धरली तर शंभर-सव्वाशे माणसे मेली आणि पडद्यावर अक्षरे उमटली 'विजय'. आमच्या भाच्याच्या मनात कसलाही वाईट हेतू नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. पण त्याने दोन निर्णय मात्र घेतले होते. समुद्रात कोण दिसेल हा एक आणि कोणाच्या जिवाची किंमत किती हा दुसरा. हे दोन्ही निर्णय त्याने जेवणाच्या आधी, अर्ध्या तासात घेतले. नोंद कोणाची करायची आणि किंमत किती लावायची हे दुसऱ्याच कोणी ठरवले म्हणजे काय होते, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायची गरज नाही. म्हणूनच हा विषय पोराटोरांचा समजून सोडून देण्यासारखा नाही.

हे खेळ कुठून आले ते आधी पाहू. लॅरी बॉन्ड नावाचा अमेरिकन नौदलातला एक अधिकारी होता. नौदलाचा प्रशिक्षणाचा खेळ गोपनीय असल्याने बाहेरच्यांना खेळता येत नसे. त्यावरून सुचून त्याने सर्वांना खेळता येईल असा 'हार्पून' नावाचा खेळ तयार केला आणि १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या वेळी तो कागद, फासे आणि तक्ते घेऊन खेळला जाई. १९८९ मध्ये तो संगणकावर आला. टॉम क्लॅन्सी आणि बॉन्ड या दोघांनी मिळून लिहिलेल्या 'रेड स्टॉर्म रायझिंग' (१९८६) या कादंबरीतील समुद्री लढाया याच खेळावर तपासून पाहिल्या गेल्या होत्या. त्याच परंपरेतला 'कमांड' हा खेळ २०१३ मध्ये आला आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्याची एक व्यावसायिक आवृत्तीही आहे आणि ती सैन्यांसाठी व संरक्षण क्षेत्रातील संस्थांसाठी आहे. म्हणजे विद्यार्थी रात्री जे खेळतो, त्याचाच थोरला भाऊ सरकारी कचेरीत बसलेला आहे.

या खेळाची खरी गंमत सिनॅरिओत असते. सिनॅरिओ म्हणजे काल्पनिक युद्धप्रसंग. कंपनी काही प्रसंग देते आणि बाकीचे खेळाडूच लिहितात. १९७५ साली उत्तर अटलांटिकमध्ये अमेरिकेची आघाडी आणि सोव्हिएत गट यांच्यात युद्ध पेटले असते तर काय झाले असते, यावर एक अख्खा संच २०१५ मध्ये निघाला. ते युद्ध कधी झालेच नाही. पण त्यातल्या नौकांची, क्षेपणास्त्रांची, राडारच्या पल्ल्यांची माहिती मात्र खऱ्यावरून घेतलेली. प्रसंग लिहिणाऱ्याने बाजू ठरवायच्या असतात. कोण कोणाचा मित्र, कोण तटस्थ, कोण शत्रू हे नेमायचे असते. मारा करण्याची मोकळीक किती, हे सांगायचे असते. 'शत्रू नाही असे ठरलेले नाही, म्हणून मारा' इतकी सैल मोकळीक देता येते, आणि 'शत्रू आहे हे ठरल्याशिवाय मारू नका' अशी ताकीदही देता येते. शेवटी गुण ठरवायचे असतात. राडारवर नवे काही दिसले की प्रथम ते पिवळे असते, म्हणजे अनोळखी. खेळाचा सगळा जीव त्या पिवळ्यात आहे. ते हिरवे होणार की लाल?

न्यायालयातही आमचा सगळा धंदा या पिवळ्याचाच आहे. आरोपी उभा राहतो तेव्हा तो पिवळा असतो. त्याला लाल ठरवण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. समुद्रावर मात्र शंकेचा फायदा कोणाला मिळतो? हा प्रश्न काल्पनिक नाही. त्याचे उत्तर इतिहासाने एकदा दिलेले आहे आणि ते फार महागात पडलेले आहे.

३ जुलै १९८८. इराण-इराक युद्धाचे दिवस. पर्शियाच्या आखातात अमेरिकेची 'व्हिन्सेन्स' ही युद्धनौका होती. तिच्यावर त्या काळातली सर्वांत प्रगत अशी 'एजिस' संगणक यंत्रणा होती. त्या सकाळी नौकेची इराणच्या लहान गनबोटींशी चकमक चालू होती. त्याच वेळी बंदर अब्बास येथून इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान दुबईकडे निघाले. ते नागरी हवाई मार्गावर होते, नागरी विमानाचा संकेत देत होते आणि उंची घेत होते. नौकेवरील लोकांना मात्र ते लढाऊ एफ-१४ वाटले. ते खाली झेप घेत आपल्याकडे येत आहे, असे एकाने सांगितले आणि बाकीच्यांनी ऐकले. विमान आकाशात जेमतेम सात मिनिटे होते. दोन क्षेपणास्त्रे सुटली. २९० माणसे मेली आणि त्यांत ६६ मुले होती. मृतांमध्ये १० भारतीय नागरिकही होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवते.

पुढे अमेरिकन नौदलानेच चौकशी केली. नौकेच्या संगणकातील नोंदी तपासल्या. यंत्राने चूक केलेलीच नव्हती! विमान वर चढत आहे, असेच यंत्र दाखवत होते. माणसांनी ते खाली येताना 'पाहिले'. याचे कारण चौकशी अहवालात सापडते. ज्या प्रसंगाची मनात तयारी झालेली असते, तोच समोर घडतो आहे असे ताणाखाली माणसाला वाटू लागते. समोर आलेली माहिती तो त्या प्रसंगात बसवून घेतो. मनातल्या प्रसंगाची पूर्ती, असे त्याचे वर्णन करता येईल. या खलाशांना आधीच्या वर्षीची गोष्ट ठाऊक होती. १७ मे १९८७ रोजी 'स्टार्क' या अमेरिकन नौकेवर इराकी विमानाची क्षेपणास्त्रे आदळली होती, तिने वेळेत प्रतिकार केला नव्हता आणि ३७ नौसैनिक मेले होते. तेव्हा भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या दिवशी २९० माणसांचा बळी घेणारी पहिली गोष्ट डोक्यात आधीच लिहून ठेवलेला प्रसंग ही होती. क्षेपणास्त्र त्याच्या मागून आले.

आणि किंमत? तीही ठरली. इराणने १९८९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९९६ मध्ये तडजोड झाली आणि अमेरिकेने जबाबदारी कबूल न करता ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कमावत्या मृतामागे ३ लाख डॉलर आणि न कमावत्यामागे दीड लाख, असा तो दर होता. म्हणजे मूल हे अर्धे माणूस! युद्धनौकेच्या कप्तानास तर १९९० मध्ये त्याच्या सेवाकाळाबद्दल सन्मानपदक मिळाले. आमच्या भाच्याने होडीला पाच गुण लावले म्हणून आम्ही त्याच्यावर डोळे वटारले. पण तो दरपत्रक लिहिणारा पहिला माणूस नव्हता, हे आम्हाला कबूल करावे लागेल.

कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, खेळ हा खेळ असतो. त्यात एवढे काय?" आरमारांनी मात्र या खेळाला कधीच नुसता खेळ मानले नाही. अमेरिकेच्या न्यूपोर्ट येथील नौदल महाविद्यालयात १८८७ सालापासून युद्धखेळ शिकवले जात आहेत. या खेळांनी सैन्यांना शहाणे केले, यात शंका नाही. प्रश्न असा की खेळाने नको ते उत्तर दिले तर मोठे लोक काय करतात?

मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेचा युद्धखेळ केला. पंचाने फासे टाकले आणि अमेरिकन बॉम्बचे नऊ मारे जपानी विमानवाहू नौकांवर लागल्याचे जाहीर केले. खेळावर देखरेख करणारे ॲडमिरल उगाकी यांनी नवाचे तीन करून टाकले. बुडालेली ठरलेली 'कागा' ही नौका पुढच्या डावात पुन्हा हजर झाली. ४ जून १९४२ रोजी खऱ्या समुद्रात मात्र नवाचे तीन करायला कोणी नव्हते. 'कागा'सह जपानच्या चार विमानवाहू नौका त्या लढाईत गेल्या.

साठ वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून 'मिलेनियम चॅलेंज' नावाचा प्रचंड सराव केला. त्यात शत्रूची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी रेडिओ बंद ठेवला, निरोप मोटारसायकलस्वारांकडून धाडले, लहान बोटी आणि क्षेपणास्त्रे एकदम सोडली आणि सोळा अमेरिकन नौका 'बुडवल्या'. मग काय झाले? सराव थांबवला, बुडालेल्या नौका पुन्हा तरंगवल्या आणि नवे नियम घालून पुढे चालू केला. व्हॅन रायपर आपल्या भूमिकेतून बाजूला झाले. याला खेळ म्हणायचे की निकाल आधी लिहून ठेवलेला खटला? अधिकारावर बसलेल्याला आपल्या कथेतला पराभव सहन होत नाही, हा रोग देशादेशांत सारखाच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. परक्यांची उदाहरणे देऊन आपण हात झटकायचे नाहीत. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी आपल्या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. त्यांना ते चाचे वाटले होते. दोन मच्छीमार मेले. खटला कोणी चालवायचा यावर दोन सरकारे वर्षानुवर्षे भांडली. २०२० मध्ये हेगच्या लवादाने भारताला भरपाईचा हक्क आहे असे सांगितले, पण खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला नाकारला. २०२१ मध्ये दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. संपूर्ण देश तेव्हा संतापला होता आणि तो संताप योग्यच होता.

पण त्याच्या सुमारे तीन वर्षे आधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, एडनच्या आखातात आपल्याच 'तबर' या युद्धनौकेने चाच्यांची मोठी बोट बुडवली, म्हणून आपण पेढे वाटले होते. समोरून धमकी आणि गोळीबार झाला, म्हणून स्वसंरक्षणार्थ मारा केला, असे नौदलाचे म्हणणे होते. नंतर कळले की ती चाच्यांनी काबीज केलेली थायलंडची मासेमारी ट्रॉलर होती आणि तिचे खलाशी तिच्यावरच होते. कित्येक दिवस समुद्रात तरंगत राहिलेला एक खलाशी जिवंत सापडला. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा पत्ता लागला नाही. नौदलाने खोटे सांगितले असा आमचा आरोप नाही. धोका खरा असू शकतो. पण लाल ठिपक्याच्या पोटातही हिरवी माणसे असू शकतात, हे त्या दिवशी कोणाच्या सिनॅरिओत होते काय?

इथे २६ नोव्हेंबर २००८ ची आठवण दिली जाईल आणि ती दिलीच पाहिजे. मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' नावाच्या मासेमारी बोटीतून आले. म्हणून प्रत्येक बोट संशयित, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, 'कुबेर'वरचे खलाशी आणि तांडेल मुंबईत गोळी सुटण्याच्या आधीच मारले गेले होते. म्हणजे त्या हल्ल्याचा पहिला बळी मच्छीमारच होता. त्याला संशयितांच्या यादीत आधी आणि मृतांच्या यादीत शेवटी घालणे, हा कुठला न्याय?

आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. गावात काम नसते म्हणून जातात. समुद्रावर रेघ आखलेली नसते. पण ती ओलांडली म्हणून पकडले गेलेल्यांनी कराचीच्या मालीर तुरुंगात वर्षे काढली आहेत. २०२४ मध्ये त्यांतल्या एकाचा तिथेच मृत्यू झाला. पाकिस्तानचे मच्छीमार आपल्या तुरुंगात असेच असतात. दोन्ही सरकारे दरवर्षी १ जानेवारीस आणि १ जुलैस कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शांततेच्या काळात ज्याची ही गत, युद्धाच्या काळात त्याचे काय होईल? गेम मंद होतो म्हणून आपण ज्याला नकाशावरून पुसला, तो हाच माणूस आहे.

भाच्याने विचारले होते, कायद्यात बसतो का? तर कायदा काय सांगतो ते पाहू. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात अमेरिकन आरमाराने क्यूबाजवळ 'पाकेते आबाना' आणि तिच्यासारखी आणखी एक अशा दोन मासेमारी होड्या पकडल्या आणि लिलावात विकल्या. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०० मध्ये न्यायालयाने थेट १४०३ सालच्या इंग्लंडच्या राजाज्ञेपासूनचे दाखले काढले आणि किनाऱ्याजवळ शांतपणे मासे धरणाऱ्या होड्यांना युद्धातही पकडता येत नाही, असा निर्णय दिला. शत्रूदेशाच्या कोळ्याला पकडणाऱ्या देशाच्याच न्यायालयाने न्याय दिला, हे फार मोठे आहे. १९०७ च्या हेग कराराने हाच नियम लेखी केला. १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त करारात तर म्हटले आहे की, एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याबद्दल शंका असेल तर तिला नागरिकच मानावे. त्या करारात आपण सामील नाही आणि अमेरिकेनेही त्यास मान्यता दिलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तत्त्व स्पष्ट आहे. पिवळ्याला लाल ठरवायचे असेल तर पुरावा द्या. पुरावा नसेल तर तो हिरवा!

म्हणून हे खेळ बंद करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. बंदी ही आळशी माणसाची युक्ती आहे. उलट आमचे म्हणणे असे की, आपल्या मुलामुलींनी हे खेळ खेळावेत आणि त्याहून अधिक म्हणजे त्यांचे प्रसंग स्वतः लिहावेत. आजवर हे प्रसंग लिहिणारी लेखणी दुसऱ्यांच्याच हातात राहिली आहे. आपली मुले संगणक शिकली आहेत. उद्या त्यांतली काही नौदलात जातील, काही अशा यंत्रणा तयार करणाऱ्या कंपन्यांत जातील. ज्याच्या हाती उद्या खरा पडदा येणार आहे, त्याच्या डोक्यात आज कोणता प्रसंग भरला जातो, याला महत्त्व आहे.

लिहिणाऱ्यांना आमच्या चार सूचना आहेत. पहिली, समुद्र रिकामा ठेवू नका. दोनशे बोटींनी गेम अडखळत असेल तर लढाईचे क्षेत्र लहान करा. माणसे कमी करू नका. दुसरी, नागरिकांच्या मृत्यूला सुटे गुण लावू नका. प्रवासी विमान पाडले तर शत्रूच्या कितीही नौका बुडवल्या तरी डाव हरला, असे लिहा. तिसरी, गोळी न झाडता जिंकता येईल असा एक तरी मार्ग ठेवा. वाट पाहणे, रेडिओवर विचारणे, मागे वळणे यांनाही गुण असू द्या. चौथी, बुडालेले जहाज पुन्हा तरंगवू नका. हरलात तर हरलो असे लिहा. शहाणपण तिथेच सुरू होते.

भाच्याचा परवा फोन आला. त्याने नकाशा मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंत आणला आहे आणि बोटी परत टाकल्या आहेत. म्हणाला, "मामा, आता फार अवघड झालंय. राडारभर नुसते पिवळे ठिपके. प्रत्येकाची खात्री करता करता शत्रू निसटतो. दोनदा तर माझंच जहाज बुडालं. आता हा सिनॅरिओ खेळणार कोण?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हालाही देता आले नाही. अवघड आहे हे खरेच आणि खलाशाचा जीवही स्वस्त नाही. पण समुद्र असाच अवघड असतो. तो सोपा दाखवून ज्यांनी सराव केला, त्यांनी एका जुलै महिन्यात ६६ मुले आकाशातून खाली आणली. तेव्हा अवघड लिहा, खरे लिहा आणि ज्यांची नोंद कोणी करत नाही त्यांची नोंद आधी करा!